किक मारताना तोल का जातो?

कराटेच्या वर्गात ठोसे शिकवले जात असतात तोवर फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते किक सुरू झाल्यावर. पाय वर गेला की कोणी मागे कलंडते, कोणी पुढे दोन पावले धावत सुटते, कोणी शेजाऱ्याचा खांदा पकडते. यावर शिकवणाऱ्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘पायात ताकद नाही, बैठका वाढव.’ मूल इमानाने बैठका वाढवते. महिन्याभराने मांड्या भरतात, तोल मात्र होता तिथेच असतो. मग ‘याला तोलच नाही’ असा शिक्का बसतो आणि अशी मुले हळूहळू वर्गाला यायची बंद होतात.

हा शिक्का बहुतेक वेळा चुकीचा असतो. किक मारताना तोल राहणार की जाणार हे उभ्या पायाच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. पाय जमिनीवरून सुटण्याआधी आपण काय केले ही एक, आणि पाय एका बाजूला जात असताना बाकीचे शरीर दुसऱ्या बाजूला किती गेले ही दुसरी. दोन्ही गोष्टी मोजता येतात. माझगावातल्या एका शाळेत शनिवारी सकाळी कराटेचा वर्ग भरतो. तिथे आम्ही एक फळी, तीन वजनकाटे आणि गवंड्याचा ओळंबा एवढ्या साहित्यावर पुढचे प्रयोग मुलांकडून करवून घेतले. ते कोणत्याही शाळेत करता येतील.

जहाजाची चाचणी, मुलाची चाचणी

माझगावच्या मुलांना तोलाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ‘निलगिरी’ ही युद्धनौका इथल्याच माझगाव गोदीत बांधली गेली. १९६८ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९७२ मध्ये ती नौदलात दाखल झाली. जहाज बांधून होत आले की त्याचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे हे तपासावे लागते, कारण तो फार वर असेल तर जहाज लाटेने कलले की पुन्हा सरळ होणार नाही. तपासण्याची पद्धत मोठी साधी आहे. ठरावीक वजने डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात आणि जहाज किती कलले ते लांब ओळंब्याने मोजतात. सरकवलेले वजन, अंतर आणि कल या तीन आकड्यांवरून गुरुत्वमध्याची जागा काढता येते.

मुलाचा गुरुत्वमध्यही असाच काढता येतो. सुमारे दोन मीटर लांबीची मजबूत फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे डिजिटल वजनकाट्यावर टेकवा. दोन्ही टोकांखाली आडवी गोल काठी ठेवा, म्हणजे आधार एका रेषेत मिळेल. दोन काठ्यांमधील अंतर बरोबर २०० सें.मी. असू द्या आणि फळी समतल ठेवा. रिकाम्या फळीचे वाचन टिपून ठेवा. आता विद्यार्थ्याला फळीवर उताणे निजवा. टाचा विटेकडच्या काठीच्या बरोबर वर आणि डोके काट्याकडे असावे. समजा मुलाचे वजन ५० किलो, उंची १६० सें.मी. आहे आणि वाचन २२ किलोने वाढले. तरफेच्या नियमाने टाचेपासून गुरुत्वमध्याचे अंतर २२ × २०० ÷ ५०, म्हणजे ८८ सें.मी. आले. उंचीच्या सुमारे ५५ टक्के, बेंबीच्या थोडे खाली. बहुतेकांचे उत्तर याच्या आसपास येते.

खरी गंमत पुढे आहे. निजलेल्या विद्यार्थ्याला एक पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर, काटकोनात उचलायला सांगा. पायाचे वजन कमरेच्या दिशेने सरकते आणि काट्यावरचे वाचन वाढते. वर घेतलेल्या मुलाच्या बाबतीत ही वाढ सुमारे १.४ किलो असेल. तिला २०० ने गुणले की २८० किलो-सेंटिमीटर हे त्याच्या पायाचे कमरेभोवतीचे परिबल मिळते. शरीराच्या मोजमापांच्या प्रचलित तक्त्यांशी हे जुळते. एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असतो, म्हणजे इथे ८ किलो, आणि सरळ पायाचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून सुमारे ३५ सें.मी. वर असतो. ज्यांचा पाय मांडीमागचे स्नायू आखडल्यामुळे काटकोनात जात नाही त्यांचे उत्तर थोडे कमी येईल. मदतनीसाने पाय धरू नये, नाहीतर त्याच्या हाताचे बलही वाचनात मिसळेल.

हे २८० कशासाठी काढले? उभे राहून तोच पाय समोर आडवा केला की हेच परिबल शरीराला पुढे ओढते. बाकीचे शरीर जागचे हलले नाही तर संपूर्ण शरीराचा गुरुत्वमध्य २८० ÷ ५०, म्हणजे ५.६ सें.मी. पुढे सरकतो. आता उभ्या पायाकडे बघा. पाऊल २४ सें.मी. लांब आहे, आणि सहज उभे असताना ओळंबा टाचेपासून सुमारे १० सें.मी. वर पडतो. तिथून चवड्यापर्यंत उरली जेमतेम ७ सें.मी. जागा. सरळ पायाच्या समोरच्या किकने, म्हणजे माए गेरीने, त्यातली ५.६ सें.मी. खाऊन टाकली. उरलेल्या दीड सेंटिमीटरवर मूल डुगडुगत असते.

गुडघा दुमडून वर घेतला, पोटरी खाली लोंबती ठेवली, तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो तो सुमारे ४ सें.मी. टाच मांडीखाली ओढून घेतली तर ३ सें.मी.च्या जरा वर. कराटेत आधी गुडघा, मग पोटरीचा झटका, मग पुन्हा गुडघा असा क्रम जुन्या शिक्षकांनी अनुभवाने बसवला होता. त्याचे हे एक कारण वजनकाट्यावर दिसते.

अरुंद बाजू

बाजूच्या किकचे, योको गेरीचे, गणित आणखी कठीण आहे. पाऊल लांब असले तरी रुंद नाही. रुंदी ८ सें.मी. धरली तर मध्यापासून प्रत्येक बाजूला ४ सें.मी. उरतात, आणि पाय तर ५.६ सें.मी. मागतो आहे. म्हणजे धड अगदी ताठ ठेवून बाजूला आडवी किक मारणे आणि पाय तसाच रोखून धरणे अशक्य आहे. ‘शरीर सरळ ठेव’ ही सूचना इथे निसर्गनियमाविरुद्ध जाते, आणि ती पाळणारे आज्ञाधारक मूलच पडते.

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली माझगावच्या बंदरातल्या क्रेनची. लांब हाताने ओझे उचलणाऱ्या क्रेनला मागच्या बाजूला प्रतिभार असतो. आपला प्रतिभार म्हणजे धड, डोके आणि हात, एकूण सुमारे ३४ किलो. पायाचे २८० पूर्ण फेडायला हा भार उलट दिशेला सुमारे ८ सें.मी. न्यावा लागतो. धडाचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून २९ सें.मी. वर धरला तर हा कल सोळा अंशांच्या आसपास येतो. इतका कल पुरतो, आणि किक कमरेच्या वर गेली तरीही आडव्या पायापेक्षा अधिक परिबल लागत नाही. मुले घाबरून तीस-चाळीस अंश कलतात तेव्हा ती दुसऱ्या बाजूला पडतात. ओळंबा धरून शेजारच्याने हा कल बघावा. स्वतःचा कल स्वतःला कळत नाही.

दुसरी वाट उभ्या पावलाची. ते फिरवून टाच लक्ष्याच्या बाजूला आणली की पावलाची लांबी किकच्या रेषेत येते. मग ४ ऐवजी १० सें.मी. जागा मिळते, ओळंब्यापासून टाचेच्या टोकापर्यंत. गोल फिरवून मारायच्या मावाशी गेरीत तर पाऊल फिरवणे अटळच आहे, आणि तिथे प्रश्न केवळ तोलाचा राहत नाही. पाऊल जमिनीला चिकटून राहिले आणि कंबर फिरली तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. रबरी तळाचे बूट घालून खडबडीत काँक्रीटवर ही किक शिकवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाय सुटण्याआधी

आतापर्यंतचा हिशेब एका पायावर उभे राहिल्यानंतरचा होता. पण बरीच मुले त्याआधीच चुकतात. दोन पावलांत २० सें.मी. अंतर असेल तर गुरुत्वमध्य मधोमध असतो. उजवा पाय उचलायचा तर तो आधी १० सें.मी. डावीकडे न्यायला हवा.

हे पटवायला भिंतीचा प्रयोग पुरेसा आहे. विद्यार्थ्याने डाव्या पावलाची कड आणि डावा खांदा भिंतीला चिकटवून उभे राहावे आणि उजवा पाय बाजूला उचलावा. पाय उचलतच नाही, किंवा उचलताच मूल उजवीकडे ढासळते. वर्गातला सगळ्यात बलदंड मुलगा पुढे बोलवावा. त्यालाही जमत नाही, आणि ‘पायात ताकद नाही’ या निदानाचे काय झाले ते सगळा वर्ग बघतो.

आता दोन काटेवाले, स्प्रिंगचे वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाऊल द्या. डिजिटल काटा इथे चालत नाही, कारण आकडा स्थिर होईपर्यंत तो थांबतो आणि आपल्याला तर क्षणाची हालचाल बघायची आहे. विद्यार्थ्याला सहज वेगाने उजवा पाय उचलायला सांगा आणि उजव्या काट्यावर नजर ठेवा. वजन लगेच कमी होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काटा आधी क्षणभर पुढे जातो आणि मगच शून्याकडे पळतो. उचलायच्या पायाने आपण जमीन आधी रेटतो आणि त्या रेट्याने शरीर उभ्या पायाकडे ढकलले जाते. मेंदू ही तयारी आपल्या नकळत करतो. पाय उचलण्याचा हुकूम आणि ही तयारी बरोबरच निघतात, पण तयारी आधी पोचते.

वर्गात ‘इची, नी, सान’ अशी भराभर मोजणी चालू असते. नवशिके मूल मोजणीशी जुळवून घेण्याच्या नादात हा रेटा पुरा होऊ देत नाही. अशा मुलांसाठी आम्ही मोजणी फोडून दिली. एकला वजन उभ्या पायावर, दोनला गुडघा, तीनला किक, चारला गुडघा परत, पाचला पाय खाली. सेन्सेईंना आधी हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी तो करू दिला. बहुतेकांचा घोटाळा ‘एक’लाच होता असे दिसले.

वेळेचा हिशेब

इथे एक शंका यावी. गुरुत्वमध्य पावलाबाहेर गेला की माणूस पडतो, तर मग कसलेले खेळाडू जोरदार किक मारताना क्षणभर तोलाबाहेर जाऊनही पडत कसे नाहीत?

पडायला वेळ लागतो, हे त्याचे उत्तर. ताठ उभे शरीर हे उलट्या लंबकासारखे आहे. तळहातावर उभी धरलेली केरसुणी आठवा. गुरुत्वमध्य ८८ सें.मी. उंचीवर असेल तर तोलातली १ सें.मी. चूक, काहीच दुरुस्ती केली नाही तर, ०.३ सेकंदात दीड सें.मी. होते, ०.६ सेकंदात पावणेचार सें.मी. आणि एका सेकंदात सुमारे १४ सें.मी. चूक आधी रेंगाळते आणि मग एकदम पसरते. म्हणून पाय झटकन बाहेर जाऊन झटकन परत आला तर पडण्याला पुरेसा अवधीच मिळत नाही. पाय परत ओढून घेण्याला कराटेत हिकियाशी म्हणतात. जो पाय मारून तसाच हवेत राहतो तो मालकाला पाडतो.

यातूनच सरावाची उलटी युक्ती निघते. सावकाश किक ही जोरदार किकपेक्षा अवघड आहे, कारण तिच्यात चूक लपत नाही. गुडघ्याच्या उंचीची किक चार सेकंद नेत, चार सेकंद आणत मारून पाहा. आठवड्यातून काही वेळा अशा दहा किका पुरेत, आणि आमच्या मते त्या शंभर बैठकांपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

हवेत मारणे आणि बॅगेवर मारणे

एकाच मुलाचा तोल कधी पुढे जातो आणि कधी मागे, याचे शिक्षकांना नवल वाटते. कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. मायकेल फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कराटेच्या भौतिकीवर लेख लिहिला होता. वेगाने टिपलेल्या छायाचित्रांवरून समोरच्या किकचा वेग त्यांना सेकंदाला सुमारे १० ते १४ मीटर आढळला. आपल्या विद्यार्थ्याचा वेग ८ मीटर धरू आणि गुडघ्याखालचा पाय ३ किलो. संवेग झाला २४ एकक. तो देण्यासाठी उभ्या पायाने जमीन मागे रेटली, जमिनीने शरीराला पुढे. हवेत किक मारली तर शेवटी पाय थांबतो आणि हा संवेग सगळ्या शरीरात वाटला जातो. ५० किलोचे मूल सेकंदाला जवळजवळ अर्ध्या मीटरने पुढे ओढले जाते, म्हणून ते पुढे धावते. बॅगेवर मारली तर संवेग बॅग घेते. पाय तरीही रेटत राहिला तर बॅग मुलाला मागे ढकलते, आणि गुळगुळीत किंवा ओल्या लादीवर उभा पाय घसरतो. हवेतल्या सरावात शिकलेला तोल बॅगेपुढे उपयोगी पडत नाही तो यामुळे. दोन्ही वेगवेगळे शिकवावे लागतात.

मावाशी गेरीतले फिरणे दाखवायला कार्यालयातली फिरती खुर्ची आणा. विद्यार्थ्याला तिच्यावर बसवून, पाय जमिनीला लागू न देता, एक पाय सरळ करून जोराने डावीकडे फिरवायला सांगा. खुर्ची उजवीकडे वळते. मग त्याच वेळी दोन्ही हात उजवीकडे फेकायला सांगा. खुर्ची बरीच कमी वळते. किकच्या वेळी हात उलट दिशेला खाली का झटकतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

डोळे, बोट आणि रोहित पक्षी

ताकदीचा काहीच संबंध नाही असे नव्हे. एका पायावर उभे असताना कंबर लोंबत्या बाजूला झुकू नये म्हणून नितंबाच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू सतत ओढून धरतो. या ओढीमुळे कमरेच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार येतो. हा स्नायू दुबळा असेल तर कंबर एका बाजूला ढळते, हे जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. बैठकांनी तो फारसा घडत नाही. कुशीवर निजून वरचा पाय उचलण्याने घडतो.

डॉकयार्ड रोडहून हार्बर मार्गाने तिसरे स्थानक शिवडी. तिथल्या चिखलात हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी तासन्‌तास एका पायावर उभे असतात. यंग-हुई चँग आणि लीना टिंग यांनी २०१७ मध्ये दाखवले की मेलेला रोहितसुद्धा एका पायावर, स्नायूंच्या मदतीशिवाय, उभा राहू शकतो. त्याच्या सांध्यांची रचनाच तशी आहे. ‘गांकाकु’ या कराटेतील काताचे नाव खडकावरच्या क्रौंचावरून पडले आहे आणि त्यात एका पायावर वारंवार उभे राहावे लागते. माणसाला मात्र पक्ष्याची ही सोय नाही. डोळे, आतला कान आणि तळव्यातील व सांध्यांतील संवेदना यांच्याकडून सतत बातमी घेत त्याला क्षणोक्षणी दुरुस्ती करावी लागते. एका पायावर आरामात उभ्या असलेल्या मुलाला डोळे मिटायला सांगा. बहुधा काही सेकंदांतच दुसरा पाय खाली येईल. म्हणून किकच्या वेळी नजर डोळ्यांच्या उंचीवरच्या एका स्थिर ठिपक्यावर असावी, स्वतःच्या पायाकडे नव्हे.

नवशिक्यांना भिंत धरून किक मारायला लावतात. त्यात एक सुधारणा सुचवावीशी वाटते. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोटाचे टोक शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबाने कशाला तरी टेकवले तरी शरीराचे डुलणे कमी होते, असे त्यात दिसले. एवढ्याशा दाबाने शरीराला आधार मिळत नाही, मिळते ती बातमी. मुलांना भिंत मुठीने किंवा तळव्याने धरू देऊ नका. एका बोटाने नुसती शिवायला सांगा. तळव्याने भिंत धरणारे मूल भिंतीवर तोलायला शिकते, आणि भिंत सुटली की त्याचे शिकणेही सुटते.

शेवटचा मुद्दा मुलींच्या वर्गांचा. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यात कराटेही असते. तीन महिन्यांत डोक्याएवढी उंच किक स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवण्यापुरती बसवता येईल, पण ती मारताना मुलगी स्वतःच पडली तर रस्त्यावर तिचा काय उपयोग? गुडघ्याच्या किंवा नडगीच्या उंचीच्या किकमध्ये पाय पूर्ण आडवा होत नाही. त्यामुळे परिबल कमी राहते, आणि पाय लवकर परत येतो. उंचीची स्पर्धा पहिल्या वर्षी लावूच नये.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांसाठी एक काम उरते. बॅगेसमोर उभ्या पायाखाली स्प्रिंगचा वजनकाटा ठेवा, तो सरकू नये म्हणून खाली रबरी पट्टी घाला आणि गुडघ्याच्या उंचीची हलकी, सावकाश किक मारा. पाय वर जाताना, बॅगेला लागताना आणि परत येताना वाचन वजनापेक्षा कधी वाढते, कधी घटते? आधी कागदावर उत्तर लिहून ठेवा, मग काट्याकडे बघा, आणि काय दिसले ते आम्हाला अवश्य कळवा.